नागपुरातून दुबईत फ्लॅट: फॉर्म एफपासून किरायेदाराच्या केसपर्यंत

जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या जुमेरा व्हिलेज सर्कल भागात एक बेडरूमचा छोटा फ्लॅट घ्यायचं ठरलं. जानेवारी २०२६ मध्ये त्याच फ्लॅटच्या किरायाची शेवटची थकबाकी खात्यात जमा झाली. मधल्या वर्षात कोणते कागद लागले, किती दिवस आणि पैसे गेले, कुठे आणि का अडलं, ते क्रमाने लिहितो आहे. नागपुरात ही माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळते. बँकेला दुबईची रजिस्ट्री माहीत नसते, तिथल्या एजंटला आपला फेमा (परकीय चलनाचा कायदा) माहीत नसतो, आणि सीएचा नोटरीच्या शिक्क्यांशी संबंध येत नाही. हे तुकडे जोडणारा माणूस शेवटी घेणाराच असतो.

आपल्याकडे फ्लॅट घेताना वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, आखीव पत्रिका पाहतो, नागपूर सुधार प्रन्यासचं (एनआयटी) आरएल पत्र आहे का विचारतो. तोच हिशेब मनात धरून दुबईत वकील शोधायला गेलं तर गोंधळ होतो. २००६ च्या कायदा क्रमांक ७ नुसार ठरवून दिलेल्या भागांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळते आणि मालकीबाबत शेवटचा शब्द दुबई लँड डिपार्टमेंटच्या नोंदवहीचा. टायटल डीड खरं आहे का, हे 'दुबई रेस्ट' ॲपवर तपासता येतं. वकिलाची खरी गरज पडते ती करारासाठी.

तिथे दोन प्रकारची माणसं भेटतात. 'लीगल कन्सल्टंट' सल्ला देतो, करार तपासतो, नोटीस काढतो. स्थानिक कोर्टात उभं राहायला मात्र परवानाधारक ॲडव्होकेट लागतो आणि कोर्टाची भाषा अरबी. म्हणून पहिल्याच फोनवर विचारायचं: परवाना कोणता, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर कोण उभं राहणार? वकिलाची फी आम्ही आधीच ईमेलवर लिहून घेतली होती. खरेदीचं पूर्ण काम ६,५०० दिरहम, वर ५ टक्के व्हॅट. एजंट म्हणत होता की वकिलाची गरज नाही, सगळं तोच करतो. एजंट दोन टक्के घेतो आणि सौदा झाला तरच घेतो, हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐकावा.

फेब्रुवारीत किंमत ठरली, सात लाख दिरहम. त्यावरचा खर्च असा: लँड डिपार्टमेंटची फी चार टक्के म्हणजे २८,००० (ती प्रथेप्रमाणे पूर्ण घेणाऱ्याकडून जाते), टायटल डीडचे ५८०, ट्रस्टी ऑफिसचे (लँड डिपार्टमेंटच्या वतीने हस्तांतर नोंदवणारं कार्यालय) ४,००० आणि व्हॅट, एजंटचे १४,००० आणि व्हॅट, बिल्डरच्या एनओसीचे १,०५०, आणि वकील. बेरीज साडेपंचावन्न हजारांच्या आसपास, म्हणजे किमतीच्या जवळपास आठ टक्के. जाहिरातीत हा आकडा नसतो.

फॉर्म एफ म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यातला ठरलेल्या नमुन्यातला करार. छापील भागापेक्षा त्याच्या जोडीला येणाऱ्या जादा अटी महत्त्वाच्या. फ्लॅटमध्ये किरायेदार होता. वार्षिक किराया ५०,००० दिरहम, चार चेकमध्ये, करार १४ नोव्हेंबर २०२५ पर्यंतचा. २००७ च्या कायदा क्रमांक २६ प्रमाणे मालक बदलला तरी मुदतीचा करार असलेल्या किरायेदाराचा राहण्याचा हक्क तसाच राहतो. स्वतःला राहायला किंवा विकायला घर रिकामं हवं असेल, तर करार संपल्यावरही बारा महिन्यांची नोटीस लागते, आणि ती नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड टपालानेच द्यावी लागते. 'नोटीस दिलेली आहे' असं एजंटने सांगितलं होतं. वकिलाने नोटरीची प्रत मागितली, तेव्हा समोर आला तो व्हॉट्सॲपचा मेसेज. त्याला कायद्यात काहीच किंमत नाही.

वकिलाने एक अट घातली: उरलेल्या दिवसांचा किराया आणि किरायेदाराचं डिपॉझिट हस्तांतराच्या दिवशी घेणाऱ्याला चुकतं करायचं. चार ओळींची अट. पुढे त्याच चार ओळी कामी आल्या.

आता पैशांचं. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाच लाख होतात, पण मालमत्तेसाठी दोघांची मर्यादा एकत्र करायची तर दोघांचंही नाव मालकीत हवं. एकाच्या नावावर फ्लॅट आणि दुसऱ्याच्या मर्यादेतून पैसे, हे चालत नाही. म्हणून पहिल्या कागदापासून दोन नावं घातली. पैसे पाठवणाऱ्या बँकेत खातं साधारण वर्षभर जुनं लागतं. या कामासाठी बँक कर्ज देत नाही. बुकिंगची रक्कम क्रेडिट कार्डने भरा, असं तिकडचे एजंट सहज सांगतात. त्या वाटेला जाऊ नये. पॅन, ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज) आणि योग्य कारणाचा कोड, यातूनच पैसा जायला हवा. परदेशातल्या स्थावर मालमत्तेसाठीचा कोड एस-०००५. आमच्या शाखेत असा व्यवहार आधी झालेला नव्हता. फाइल मुंबईला गेली आणि तिथून प्रश्न आले: करार कुठे आहे, पैसे आले कुठून, विकणारा कोण? मुदत ठेवी मोडल्याच्या पावत्या, तीन वर्षांची आयकर विवरणं आणि फॉर्म एफ एकाच पीडीएफमध्ये दिल्यावर सहाव्या दिवशी मंजुरी आली. हे आधीच जोडून ठेवलं असतं तर ते सहा दिवस वाचले असते.

दुबईत व्यवहार मॅनेजर्स चेकने होतो, म्हणजे तिथल्या बँकेचा चेक लागतो. फेब्रुवारीच्या फेरीत तिथे अनिवासी खात्यासाठी अर्ज केला. पासपोर्ट, नागपूरच्या बँकेचं सहा महिन्यांचं विवरण, पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा स्रोत एवढं मागितलं. खातं उघडायला पाच आठवडे लागले. फ्लॅट पक्का करायच्या आधी खात्याचा अर्ज टाकावा, कारण विकणारा पाच आठवडे थांबेलच असं नाही.

मार्चअखेर दहा टक्के अनामत, ७०,००० दिरहम, दोघांच्या खात्यांतून निम्मी निम्मी पाठवली. बाकी मे महिन्यात. ही विभागणी टीसीएससाठी, म्हणजे पैसे पाठवताना कापल्या जाणाऱ्या करासाठी, केली होती. सूट असलेल्या रकमेच्या वर २० टक्के कर बँक जागेवरच कापते. ही सूट मार्चमध्ये माणशी सात लाखांची होती, १ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांची झाली. मार्चमध्ये प्रत्येकी साडेसव्वीस हजार कापले गेले, आणि मेमध्ये दोघांचे मिळून २८ लाखांच्या वर. हा खर्च नाही, तो आयकरात जमा धरला जातो. पण फ्लॅटचे पैसे जुळवताना ही रक्कम बाजूला ठेवलीच नसेल तर सौदा ऐन वेळी मोडतो. मेमध्ये कापलेला कर परत येण्यासाठी जुलै २०२६ च्या विवरणाची वाट पाहावी लागते. मधल्या काळात तो आगाऊ करात वळता करता येतो, आणि नोकरदारांना कंपनीकडे फॉर्म देऊन (त्या वर्षी तो १२बीएए होता) पगारातला टीडीएस कमी करून घेता येतो. सीएला भेटायचं ते पैसे पाठवायच्या आधी.

हस्तांतराला दोघांना जाणं शक्य नव्हतं, म्हणून पत्नीच्या वतीने मुखत्यारपत्र करायचं होतं. अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का) केलं की झालं, असं इथे बरेच जण सांगतात. संयुक्त अरब अमिराती हेग अपॉस्टिल करारात नाही, त्यामुळे शिक्क्यांची साखळी पूर्ण करावी लागते: नागपुरात नोटरी, मुंबईत मंत्रालयातून राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा वाणिज्य दूतावास, आणि शेवटी दुबईत तिथलं परराष्ट्र मंत्रालय. आम्ही ५०० रुपयांच्या मुद्रांकावर मजकूर छापून ७ एप्रिलला जिल्हा न्यायालयाजवळच्या नोटरीकडून सही-शिक्का घेतला. दहा दिवसांनी कागद मंत्रालयातून परत आला. त्या नोटरीच्या सहीचा नमुना तिथल्या नोंदीत सापडत नव्हता. दुसऱ्या नोटरीकडे नव्याने केला, या वेळी आधी विचारून की त्यांचे कागद यापूर्वी मंत्रालयात गेले आहेत का. पुढची साखळी तीन आठवड्यांत पार पडली. एजन्सीची फी धरून एका कागदाला साधारण १४,००० रुपये आणि दुबईत १५० दिरहम लागले.

'माझी सर्व मालमत्ता' असा मोघम मजकूर तिथे चालत नाही. फ्लॅट नंबर, इमारत, प्रकल्प लिहून प्रत्येक अधिकार वेगळा लिहावा: खरेदी करणं, फॉर्म एफवर सही करणं, चेक देणं, लँड डिपार्टमेंटसमोर उभं राहणं, टायटल डीड घेणं. अरबी भाषांतर सगळे शिक्के बसल्यावरच करावं, कारण शिक्क्यांचंही भाषांतर लागतं. आणि एक बारीक गोष्ट. अरबीत 'प' नाही, 'च' नाही, इंग्रजी 'V' नाही. भाषांतरकार 'प' चा 'ब' करतो, पासपोर्टवरच्या 'V' चा बहुतेक 'फ', आणि 'च' साठी दोन अक्षरं जोडतो. दोन भाषांतरकारांनी एकच मराठी आडनाव दोन तऱ्हेने लिहिलं तर ती दोन माणसं ठरतात. पहिल्या कागदावर नाव जसं आलं त्याचा फोटो काढून ठेवला आणि पुढच्या प्रत्येक भाषांतराबरोबर तो पाठवला. कायद्याच्या भाषांतरकाराला पानामागे साधारण ६० दिरहम पडले.

२१ मे, ट्रस्टी ऑफिस. काउंटरवरच्या बाईंनी टायटल डीड डावीकडे ठेवलं, सहा लाख तीस हजारांचा चेक उजवीकडे, आणि विकणाऱ्याच्या नावाखालून पेन्सिल हळूहळू सरकवत नेली. डीडवर तीन शब्दांचं नाव, चेकवर दोन. मधलं नाव नव्हतं. त्यांनी काही न बोलता चेक परत सरकवला. नाव एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं आणि बँकेने तसंच छापलं होतं. त्या क्षणी पोटात गोळा आला, कारण बिल्डरच्या एनओसीची मुदत संपत आली होती आणि परतीचं तिकीट २३ तारखेचं होतं. दुपारी बँकेत जुना चेक रद्द करून नवा काढला, यावेळी डीड समोर ठेवून एकेक अक्षर वाचत. २२ मे रोजी पाऊण तासात काम झालं आणि टायटल डीड ईमेलवर आलं. विकणाऱ्याचं नाव फक्त टायटल डीडवरूनच घ्यायचं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

त्या गडबडीत किरायाचा हिशेब राहून गेला. ट्रस्टी ऑफिस किंमत आणि फी बघतं, किराया बघत नाही. १५ मेचा चेक विकणाऱ्याच्या खात्यात आधीच वटला होता. २२ मे ते १४ ऑगस्ट म्हणजे ८५ दिवस. ५०,००० ला ३६५ ने भागून ८५ ने गुणलं तर ११,६४४ दिरहम, आणि डिपॉझिटचे २,५००. विकणारा दोन आठवडे 'बघतो' म्हणत राहिला, मग फोन उचलेना. वकिलाने फॉर्म एफमधल्या अटीचा आधार घेऊन १,५०० दिरहमात नोटीस काढली. तेविसाव्या दिवशी पूर्ण १४,१४४ जमा झाले. अटीत आकडा आणि 'चेक दिल्याशिवाय हस्तांतर नाही' एवढं घातलं असतं तर नोटीसचीही वेळ आली नसती.

यातून आणखी एक गोष्ट पुढे आली. किरायेदाराचे पुढच्या तारखांचे चेक जुन्या मालकाच्या नावाचे असतात. ते आपल्या हातात आले तरी आपल्याला वटवता येत नाहीत. ते परत करून नव्या नावाचे घ्यावे लागतात, आणि 'इजारी' ही किरायाच्या कराराची सरकारी नोंदसुद्धा नव्या मालकाच्या नावे करावी लागते. आम्ही दोन्ही जुलैत केलं. १५ ऑगस्टचा १२,५०० चा नवा चेक मिळाला. तो परत आला.

२०२२ पासून तिथे खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेलेला चेक थेट वसुलीला नेता येतो, त्यासाठी वेगळा दावा करावा लागत नाही. पण फक्त १२,५०० वसूल करून भागत नव्हतं. किराया न देणाऱ्याकडून घरही परत हवं होतं. त्याची पहिली पायरी म्हणजे नोटरीमार्फत ३० दिवसांची नोटीस. तीस दिवसांत पैसे आले तर घर खाली करण्याचं कारण उरत नाही. आणि नेमकं इथे आमचं मुखत्यारपत्र तोकडं पडलं. ते फक्त खरेदीपुरतं होतं आणि माझ्या नावाने होतं. दुबईत नोकरी करणाऱ्या मुलीला नोटीस काढायला, रेंटल डिस्प्युट्स सेंटरमध्ये अर्ज करायला, तडजोडीवर सही करायला आणि पैसे घ्यायला दोघांकडून नवं मुखत्यारपत्र लागलं. पुन्हा नोटरी, मंत्रालय, दूतावास. पुन्हा चौदा हजार. पुन्हा तीन आठवडे. किराया थकलेला असताना नागपुरात बसून कुरिअरचा नंबर तपासत राहणं, हा या वर्षातला सगळ्यात अस्वस्थ काळ. खरेदीच्या वेळीच किरायाचे, नोटीसचे आणि वादाचे अधिकार त्यात घालून घ्यावे. ज्याला द्यायचं तो भरवशाचा नातेवाईक किंवा वकील असावा, एजंट नव्हे.

१५ सप्टेंबरला नोटीस बजावली गेली, १५ ऑक्टोबरला मुदत संपली, २० ऑक्टोबरला सेंटरमध्ये अर्ज झाला. हे सेंटर २०१३ च्या डिक्री क्रमांक २६ ने स्थापन झालं आहे. फी वार्षिक किरायाच्या साडेतीन टक्के, म्हणजे आमच्या बाबतीत १,७५० दिरहम, वर थोडी किरकोळ फी. टायटल डीड, इजारी, नोटीस, परत आलेला चेक आणि बँकेचा शेरा, मुखत्यारपत्र आणि पासपोर्ट एवढं लागलं. इजारीचा करार अरबी-इंग्रजीत असतो, तो तसाच चालला. किरायेदाराचे मेसेज मात्र अरबीत करून द्यावे लागले. सगळे देण्याची गरज नव्हती. 'चेक माझाच आहे, पुढच्या महिन्यात भरतो' हा एक मेसेज पुरेसा ठरला, आणि अकरा पानांच्या भाषांतराचा खर्च वाचला.

प्रकरण आधी समेट विभागाकडे जातं. त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते, पण ती वाढू शकते. आमचा समेट १२ नोव्हेंबरला झाला. थकीत १२,५०० आणि डिसेंबरमध्ये घर सोडेपर्यंतचा किराया, दोन हप्त्यांत. पूर्ण निकालासाठी भांडावं असं आधी वाटत होतं. वकिलाने समजावलं की घर खाली करण्याच्या निकालावर पंधरा दिवसांत अपील होऊ शकतं आणि तोवर माणूस तिथेच राहतो. सेंटरमध्ये न्यायाधीशासमोर नोंदलेल्या समेटाला मात्र थेट अंमलबजावणीचं बळ असतं. त्याचा प्रत्ययही आला. १९ डिसेंबरला किल्ली मिळाली, पहिला हप्ता वेळेवर आला, दुसरा आला नाही. तेव्हा नवा दावा करावा लागला नाही, त्याच समेटावर अंमलबजावणीची फाइल उघडली. १६ जानेवारीला पैसे जमा झाले. किल्ली घेताना विजेच्या-पाण्याच्या शेवटच्या बिलाची पावती आणि प्रत्येक खोलीचा तारखेसह व्हिडिओ घेतला, मगच डिपॉझिटचा हिशेब केला.

अशी वसुली उलट दिशेनेही होऊ शकते. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर अमिरातीच्या कोर्टांचे दिवाणी हुकूमनामे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट बजावता येतात. दुबईच्या इमारतीचा सर्व्हिस चार्ज थकवून नागपुरात निवांत बसता येईल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

आता जुलैच्या विवरणाची तयारी चालू आहे. साधा आयटीआर-१ चालत नाही. 'शेड्यूल एफए' (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) असलेला फॉर्म लागतो. त्यात आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्ष धरतात: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५. म्हणून मार्च २०२५ मध्ये उघडलेलं दुबईचं खातं गेल्या वर्षीच्या विवरणात नव्हतं, यंदा फ्लॅटबरोबर येईल. दोघांनी आपापल्या विवरणात दाखवायचं. हे राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे, आणि छोट्या रकमांना २०२४ मध्ये मिळालेली सवलत स्थावर मालमत्तेला नाही. तिथे किरायावर आयकर नाही, पण इथे तो उत्पन्नात धरावा लागतो, तीस टक्के वजावट मिळते. टायटल डीड, परदेशी पैसे पाठवल्याच्या सगळ्या स्विफ्ट पावत्या, टीसीएसची प्रमाणपत्रं आणि दुबईच्या खात्याचं डिसेंबरपर्यंतचं विवरण सीएकडे गेल्या आठवड्यात दिलं. फ्लॅटला रंग देऊन झाला आहे. नवा किरायेदार १ मार्चपासून येतो आहे, आणि त्याचे चारही चेक दोघांच्या संयुक्त नावाने आहेत.